आयटीआयचा फॉर्म पहिल्या फेरीतच भरा

ज्या मुलाचं मन मशीनमध्ये, वायरिंगमध्ये, गाडीच्या इंजिनात रमतं, त्याने आयटीआयचा फॉर्म पहिल्या फेरीत आणि पहिल्या पसंतीने भरावा. अकरावीला कुठंच मनासारखं मिळालं नाही म्हणून ऑगस्टात आमच्याकडे येऊ नये. एवढं एकच सांगण्यासाठी ही मोठी पोस्ट लिहितोय. ज्यांच्या घरी यंदा दहावीचं पोर आहे त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी एका तालुक्याच्या ठिकाणी शासकीय आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेड, म्हणजे त्या कामाचा अभ्यासक्रम, शिकवतो. आमच्याकडे दरवर्षी दोन प्रकारची मुलं येतात. काही जण ठरवून येतात. त्यांना ट्रेडचं नाव माहीत असतं, आधीच्या बॅचच्या कुणाशी तरी बोललेले असतात. बाकीचे सगळीकडून फिरून शेवटच्या समुपदेशन फेरीला पोचतात. तेव्हा बाप म्हणतो, "सर, बघा कुठं बसतंय का, पोरगं घरी बसायला नको." तोवर इलेक्ट्रिशियन भरलेलं असतं, फिटर भरलेलं असतं, मेकॅनिक डिझेलला एखादी जागा असली तर असते. मग उरलेल्या ट्रेडला मुलगा बसतो. बसतो म्हणण्यापेक्षा बसवला जातो. आपल्याला इथं टाकलंय, हे पहिल्या दिवशीच त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं. ते काढायला मला सहा महिने लागतात, आणि प्रत्येकाचं निघतंच असं नाही.

लोकांना वाटतं आयटीआय म्हणजे कमी मार्कवाल्यांचं. आमच्याकडे गेली काही वर्षं इलेक्ट्रिशियनची खुल्या गटाची यादी ऐंशी टक्क्यांच्या घरात थांबते. एका तुकडीत जागा २० आणि प्रवेश दहावीच्या गुणांवर. साठ टक्केवाला मुलगा उशिरा आला तर त्याला हवा तो ट्रेड मिळत नाही, याचं कारण इतकं साधं आहे.

२०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. १३ मे रोजी निकाल आला आणि त्याच वर्षी पहिल्यांदा अख्ख्या राज्याची अकरावी एकाच ऑनलाइन पद्धतीने झाली. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरती होती. खेड्यातल्या पालकांना पसंतीक्रम, फेरी, कोटा हे शब्दच नवीन होते. फेऱ्या ऑगस्टपर्यंत लांबल्या. या सगळ्या काळात घरातली माणसं एकाच यादीकडे डोळे लावून बसली होती. आयटीआयच्या आणि पॉलिटेक्निकच्या याद्याही त्याच दिवसांत लागत होत्या, पण तिकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. अकरावीचा फॉर्म भरला म्हणून आयटीआयचा भरता येत नाही असं काही नसतं. दोन्ही भरा, पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाचाही भरा. फक्त एक लक्षात ठेवा, अकरावी असो की आयटीआय, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून पहिला पसंतीक्रम नेट कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरू नका. घरात बसून, पोराला विचारून भरा.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "आयटीआय केलं तर पुढचं शिक्षण बंद ना, सर?"

बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दोन वर्षं आयटीआय, दोन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं डिग्री, एकूण सात. बारावी सायन्स करून चार वर्षांचं इंजिनिअरिंग केलं तर सहा. दहावीनंतर सरळ डिप्लोमा आणि मग डिग्री केली तरी सहाच. आयटीआयच्या वाटेने फक्त एक वर्ष जास्त जातं, आणि वाटेत कुठेही थांबावं लागलं, बापाचं आजारपण आलं, पैसे संपले, तरी हातात प्रमाणपत्र आणि काम असतं. बारावी सायन्सला ५२ टक्के घेऊन थांबलेल्या मुलाच्या हातात काय असतं, ते माझ्याच गल्लीत मी पाहतोय.

या वाटेवर एक खड्डा आहे, तोही सांगतो, कारण फॉर्म भरताना कुणी सांगत नाही. आमचं वर्कशॉप कॅल्क्युलेशन, म्हणजे कामापुरतं गणित, वेगळं आणि डिप्लोमाचं गणित वेगळं. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं प्रॅक्टिकलला वर्गात सगळ्यांच्या पुढे असतात, आणि गणितात, सर्किटच्या थिअरीत मागे पडतात. ज्याला पुढे जायचंय त्याने आयटीआयच्या दुसऱ्या वर्षातच पहिल्या वर्षाच्या डिप्लोमाची गणिताची पुस्तकं आणून सुरुवात करावी. माझी जी मुलं टिकली, त्यांनी हे केलं होतं.

बारावीचंही तसंच. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला आणि राज्य शिक्षण मंडळाकडून दोन भाषा विषयांची परीक्षा दिली, तर बारावीची समकक्षता मिळते. बारावी पास ही अट असलेल्या नोकऱ्यांसाठी याचा उपयोग होतो. आयटीआय झालेल्या कितीतरी मुलांना ही सोय ठाऊकच नाही.

नोकरीचं बोलायचं तर, रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीला दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय, नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री लागते. नुसती बारावी सायन्स तिथे चालत नाही. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र मागतात. एसटी महामंडळ, माझगाव डॉक, रेल्वेचे कारखाने ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घेतात. आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याची गोष्ट मी वेगळी सांगायला नको, तुमच्या गावात मोटर रिवाइंडिंगवाला बोलावला तर किती दिवसांनी येतो ते तुम्हालाच माहीत आहे.

पण मी आयटीआयचा एजंट नाही, त्यामुळे वाईट बाजूही लिहितो. चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांत आमची पोरं मोठ्या संख्येने जातात, आणि त्यातली बरीचशी कंत्राटदाराच्या नावावर काम करतात. बारा तास उभं राहून, वर्षं गेली तरी कायम होत नाहीत. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या ॲप्रेंटिसला महिना किमान ७ हजार ठरले होते. पुण्यात खोलीभाडं आणि मेस धरली तर त्यातून काय उरणार? ॲप्रेंटिसशिप म्हणजे शिकण्याचा काळ आहे, पण काही ठिकाणी शिकवणं शून्य आणि मुलगा नुसता माल उचलतो. याबद्दल पालकांनी आणि आम्ही निदेशकांनी मिळून आवाज केला पाहिजे. पोराला ॲप्रेंटिसशिपच्या कराराची प्रत मागायला शिकवा. करार झालेला नसेल तर तो ॲप्रेंटिस नाही, स्वस्तातला मजूर आहे.

आयटीआयसुद्धा सगळे सारखे नसतात. शासकीय संस्थांमध्ये निदेशकांची पदं रिकामी आहेत, एकेका माणसावर दोन दोन तुकड्या आहेत. काही खासगी संस्था फक्त दारावरच्या पाटीपुरत्या आहेत. प्रवेश घेण्याआधी एकदा वर्कशॉपमध्ये जा. कामाच्या वेळी जा, सुट्टीच्या दिवशी नको. लेथखाली लोखंडाचा कीस पडलेला दिसला पाहिजे. मुलांच्या अंगावर बॉयलर सूट आणि पायात सेफ्टी शूज दिसले पाहिजेत. प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय परिषदेचं) की एससीव्हीटीचं (राज्य परिषदेचं), हे तोंडी विचारू नका, कागदावर दाखवा म्हणा. भरतीच्या वेळी हा फरक आडवा येतो.

दहावीनंतर आयटीआय आणि पॉलिटेक्निक सोडून आणखी दोन ठिकाणं सांगतो, कारण मराठवाड्यातल्या मुलांच्या ती दारात आहेत आणि त्यांना माहीत नाहीत. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा दहावीवर होतो, प्रवेश परीक्षा असते. तिथेच सिपेट ही केंद्र सरकारची संस्था आहे, प्लास्टिक तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा डिप्लोमा दहावीवर. शेतीत राहायचंय त्याला कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतली कृषी पदविका आहे. चित्रकलेत हात चालतो त्याला कला महाविद्यालयाचं फाउंडेशन आहे. या शेवटच्या दोन क्षेत्रांत माझा अनुभव नाही, त्यातल्या माणसांना विचारा.

आता सायन्सबद्दल. ज्या मुलीला खरंच डॉक्टर व्हायचंय, तिने सायन्सच घ्यावं, तिला मी कशाला अडवू? माझं भांडण त्या 'इंटिग्रेटेड'शी आहे. ज्युनिअर कॉलेजात नाव, क्लासमध्ये मुलगा, आणि दोन वर्षांचे पैसे एकदम आधी. २०२५ च्या नीटला देशभरातून २२ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या जवळपास निम्म्या खासगी कॉलेजांच्या, म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेरच्या. हे गणित क्लासच्या फ्लेक्सवर कधी लिहिलेलं नसतं. तिथे फक्त निवड झालेल्यांचे फोटो असतात. मी ज्यांना ओळखतो त्यांतल्या काहींनी यासाठी जमीन गहाण टाकली. मुलगा सहा महिन्यांत सांगतो की मला हे जमत नाही, पण पैसे भरलेत म्हणून त्याला दोन वर्षं तिथेच कोंडून ठेवतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मुलाने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत द्यावेत, हॉस्टेल-मेसचेसुद्धा, असं त्यात आहे. ती प्रत काढा, घेऊन जा, मागा. पैसे परत मिळाले नाहीत तरी पोराला परत आणा. आपल्या मुलाचं अकरावीतलं वर्ष फुकट गेलं म्हणून घरात सुतक पाळू नका. माझ्याकडे अकरावी सायन्स सोडून आलेली मुलं आहेत, आणि वर्कशॉपमध्ये ती इतरांपेक्षा मन लावून काम करतात.

मुलींच्या पालकांना एक वेगळी विनंती. शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. आमच्याकडे त्या ट्रेडनुसार भरतात, शिवणकामाला रांग आणि इलेक्ट्रिशियनला रिकाम्या. माझ्या तुकडीत दोन-तीन मुली असल्या की पॅनल वायरिंगचं काम सगळ्यात नेटकं त्यांचं असतं. टर्मिनलला एक तार सैल सापडत नाही. त्यांच्या वडिलांची काळजी मला कळते, शिफ्ट असते, कंपनी लांब असते. पण पोलवर चढणं म्हणजेच इलेक्ट्रिशियन असं नाही. पॅनल बनवणारे कारखाने, टेस्टिंग, मेंटेनन्सचं प्लॅनिंग, हे सगळं याच ट्रेडमधून होतं. पुढे डिप्लोमा-डिग्रीला गेली तर २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला पाहिजे. संस्थेत परस्पर पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला ते लागू होत नाही, म्हणून घाई करून फसू नका.

आणि नापास झालेल्यांसाठी. ९४ टक्के पास झाले की सगळे त्यांचेच पेढे खातात. पण २०२५ मध्ये नव्वद हजारांच्या आसपास मुलं मागे राहिली. एक किंवा दोन विषय गेले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. गुण चुकलेत असं वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, मगच पुनर्मूल्यांकन होतं, आणि त्याला थोडेच दिवस असतात. वेल्डर, वायरमन, प्लंबर, कारपेंटर या ट्रेडना दहावी नापास मुलगाही अर्ज करू शकतो. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे, आणि चांगला वेल्डर कुठल्याही एमआयडीसीत दोन दिवसांच्या वर रिकामा बसत नाही. निकालाच्या दिवशी या मुलाला एकटं सोडू नका. नातेवाइकांचे फोन त्याच्यासमोर घेऊ नका. तो फारच गप्प झाला, जेवेनासा झाला, तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सगळ्यात शेवटी कागद, कारण प्रवेश बुद्धीने कमी आणि कागदाने जास्त अडतो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, ओबीसी असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि ते ३१ मार्चला संपलेलं नाही ना हे तपासून. निकालानंतर सेतूत गर्दी होते, सर्व्हर बसतो, तहसीलदारांची सही अडकते. या दाखल्यांसाठी निकालाची गरजच नाही, त्यामुळे या आठवड्यातच अर्ज टाका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळतेय का ते शाळेतून निघण्याआधी उभ्या उभ्या तपासा. जुळत नसेल तर तिथेच मुख्याध्यापकांना सांगा.

ज्यांना विचारायचंय त्यांनी कॉमेंटमध्ये टक्के, प्रवर्ग, तालुका आणि मुलाला काय आवडतं एवढं लिहा. मुलाचं नाव आणि गुणपत्रिकेचा फोटो टाकू नका. संध्याकाळी सातनंतर मी उत्तरं देईन, ज्या ट्रेडचं मला कळत नाही तिथे आमच्या फिटर आणि डिझेलच्या सरांना टॅग करेन.