एका पानात बसणारा वाडा

कादंबरी लिहिणं अवघड असतं असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी ती लिहून झाल्यावर एका पानात सांगून बघावी. लिहिताना काय, रात्री ओटा आवरला की बसायचं, कुणी विचारत नाही किती पानं झाली, चौकातल्या आडाचं वर्णन करावंसं वाटलं करा, आजेसासऱ्यांच्या अडकित्त्याचं करावंसं वाटलं करा, आपलंच राज्य. पण तीच कादंबरी लिटररी एजंटला, म्हणजे लेखकाच्या वतीने ती प्रकाशकाला विकणाऱ्या माणसाला, पाठवायची म्हटली की एक पान. त्यात गोष्ट, त्यातच आपण कोण, आणि त्यातच ही गोष्ट दुनियेने का वाचावी ते. अहो सातारला आम्ही शेजारच्या बाईला धुण्याचा साबण कुठून आणला हे सांगायला यापेक्षा जास्त जागा घेतो.

हे एजंटचं खूळ माझ्या डोक्यात घातलं भाचीने, ती पुण्यात नोकरी करते आणि सगळ्या गोष्टींची माहिती काढते. मराठीत ही भानगड जवळपास नाहीच. आपल्याकडे लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, बाड देतो, आणि मग आता फोन करावा का आणखी चार दिवस थांबावं या विचारात वर्ष काढतो. पण मी शनिवार पेठेतल्या वाड्यावरची माझी कादंबरी इंग्रजीतही करून ठेवली होती, स्वतःच, एम.ए.ला इंग्रजी होतं ते बँकेच्या काउंटरवर वाया चाललंय असं वाटायचं म्हणून. तर भाची म्हणाली, आत्या, इंग्लंड-अमेरिकेतले मोठे प्रकाशक एजंटशिवाय आलेलं बाड बहुतेक वेळा उघडतच नाहीत, तुला एजंट लागणार. मग मी पण माहिती काढत बसले. ही पद्धत रुळवली ए. पी. वॉट नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लंडनला. लेखकाच्या कमाईतले १० टक्के घ्यायचा. आता भाव १५ झालाय, परदेशातले आणि भाषांतराचे हक्क विकले तर साधारण २०. म्हटलं ठीक आहे, आधी कमाई तर होऊ दे.

पहिलं पत्र मी बँकेच्या सवयीने लिहिलं. वर विषय, खाली ‘वरील विषयास अनुसरून’ याचं इंग्रजी, मग कादंबरी सोबत जोडली असून कृपया पोच द्यावी. भाचीने व्हिडिओ कॉलवर वाचलं आणि बराच वेळ बोललीच नाही, मला वाटलं नेट गेलं. मग एकेक नियम सांगायला लागली. डिअर सर-मॅडम चालत नाही, नाव घालून लिहायचं, आणि स्पेलिंग तीनदा तपासायचं. त्या एजंटला काय आवडतं ते त्याच्या पानावर दिलेलं असतं ते वाचायचं, ज्याने स्पष्ट लिहिलंय मला फक्त मुलांची पुस्तकं पाठवा त्याला वाड्याच्या वारसाहक्काचा दावा पाठवायचा नाही. अमेरिकेतले बरेच जण अटॅचमेंट उघडत नाहीत, पहिली पाच-दहा पानं मेलमध्येच चिकटवायची. इंग्लंडात पत्र, शिवाय सिनॉप्सिस, म्हणजे अख्ख्या गोष्टीचा सारांश, शिवाय पहिली तीन प्रकरणं. बारा पॉइंट, डबल स्पेसिंग. आणि कादंबरी पूर्ण झालेली पाहिजे, अर्धी लिहून ‘पुढचं तुम्ही हो म्हणालात की’ असं नाही. एवढी एकच अट मला पहिल्या झटक्यात पास करता आली.

शब्दसंख्येवर मात्र गाडी अडली. नवख्या लेखकाची कादंबरी साधारण ८० हजार ते १ लाख शब्दांची असावी म्हणतात. माझी पावणेदोन लाखांच्या घरात. वाड्याला अकरा वारसदार होते, आता अकरा माणसं म्हटल्यावर त्यांच्या बायका आल्या, बायकांची माहेरं आली, एकीचं तर माहेर कोरेगावचं ते मला फार आवडायचं. शेवटी एका रविवारी बसून चार वारसदार काढून टाकले, जे दिवाणी कोर्टाला दोन पिढ्यांत जमलं नसतं. एक अख्खा काका गेला, वाईट वाटलं, तो तपकीर ओढायचा. नवरा म्हणाला, त्या काकाचा हिस्सा आता कुणाला जाणार? हा प्रश्न मी विचारातच घेतला नव्हता, प्रकरण सातमध्ये पुन्हा सगळी वाटणी करायला लागली.

आता पत्रातला मुख्य भाग, म्हणजे गोष्ट दोन परिच्छेदांत. मी लिहायची, ‘ही कादंबरी म्हणजे काळाच्या ओघात विस्कटत चाललेल्या नात्यांचा एक’ आणि भाची तिथेच थांबवायची. आत्या, काय होतं ते सांग. अगं तेच सांगतेय, विस्कटतं. कोण विस्कटतं, का, मग पुढे काय? असं आमचं रोज रात्री. सासूबाई तिथेच पलंगावर जपाची माळ घेऊन बसलेल्या, चार दिवस ऐकलं त्यांनी आणि पाचव्या दिवशी माळ खाली ठेवून म्हणाल्या, “वाडा विकायचाय, बिल्डर बयाणा देऊन बसलाय, सगळ्यांच्या सह्या झाल्यात आणि धाकटी सही देत नाही. महिनाअखेरीपर्यंत नाही दिली तर बयाणा दुपटीने परत. आणि ती का देत नाही ते कुणाला ठाऊक नाही. यात एवढं काय आहे?” भाची पलीकडून ओरडलीच, आजी, हेच पाहिजे होतं! कुणाला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि नाही मिळालं तर काय बिघडतं, क्वेरी लेटरमध्ये, म्हणजे एजंटला लिहायच्या या पत्रात, बाकी काही नसतं म्हणे. मी एवढी वर्षं ओटा आवरून लिहितेय आणि सासूबाईंनी माळेच्या दोन मण्यांमध्ये पत्र संपवलं.

पण त्याच सासूबाई सिनॉप्सिसवर रुसल्या. पत्रात शेवट सांगायचा नसतो, सिनॉप्सिसमध्ये मात्र सगळं सांगायचं असतं, शेवटासकट, कारण एजंटला बघायचं असतं की हिला गोष्ट नीट मिटवता येते का नाही. मी ते पान मोठ्याने वाचलं आणि धाकटीने सही का दिली नाही ते त्यांना कळलं. “आता मी पुस्तक कशाला वाचू?” त्यांनी सरळ कूस बदलली.

मग कॉम्प टायटल्स. तुमच्या पुस्तकासारखी दोन पुस्तकं सांगा, गेल्या तीन ते पाच वर्षांतली. आता माझं वाचन नगर वाचनालयाच्या कपाटातलं, मला जे जे लेखक आपल्यासारखे वाटतात ते वारून निदान तीस वर्षं झालेली. शिवाय ती पुस्तकं बऱ्यापैकी खपलेली हवीत पण जगप्रसिद्ध नकोत, जगप्रसिद्ध सांगितली तर बाई शेफारलीय असं वाटतं आणि न खपलेली सांगितली तर मग घ्यायचं कशाला. या एका ओळीसाठी मी जेवढी नवी इंग्रजी पुस्तकं वाचली तेवढी एम.ए.ला वाचली नव्हती, हे मात्र बरं झालं, उगाच खोटं का बोला.

यात आणखी गावाचे सल्ले. सातारला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते काही उगीच नाही, सकाळी चार भिंतीच्या टेकडीकडे फिरायला गेलं की दर दहा पावलांवर एक अप्रकाशित आत्मचरित्र भेटतं. एक म्हणाले, मॅडम, आधी मोठ्या माणसाची प्रस्तावना घ्या. एजंटला पाठवायला प्रस्तावना लागत नाही हे मी सांगितलं तर म्हणाले, तरी असू द्या, वजन पडतं. एकांचं मत, पुस्तकांच्या गावाला भिलारला जाऊन या, स्ट्रॉबेरीपण होईल. आमचे जुने हेडमास्तर सर म्हणाले, तुझ्या परिचयात तालुक्याच्या निबंधस्पर्धेचं घाल, दुसरा नंबर होता तुझा. ते घातलं नाही. परिचय दोन ओळींत उरकायचा असतो आणि त्यात बँकेत वारसनोंदीचं टेबल बघते हे एवढंच गोष्टीशी जोडलेलं होतं.

सगळी पत्रं गेली आणि काहीच झालं नाही. सहा आठवडे, आठ, बारा असं त्यांच्या पानावर लिहिलेलंच असतं, आणि खाली एक वाक्य की उत्तर आलं नाही तर नकार समजावा. हे मला फार लागलं. बँकेत आम्ही कर्ज नाकारलं तरी पत्र देतो. एका बाईंचं उत्तर आलं, अगदी गोड, की लिखाण चांगलं आहे पण मी या कादंबरीच्या पुरेशी प्रेमात पडले नाही. तो तिकडचा ठरलेला नकार असतो असं नंतर कळलं. नवऱ्याने खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, ही कोण, आणि हिला कुणी प्रेमात पडायला सांगितलं होतं?

आणि एक दिवस होकार आला. म्हणजे एवढा होकार की मलाच संशय यावा. तुमच्या कादंबरीने मी हेलावून गेलो, ही जागतिक दर्जाची आहे, आणि खाली वाचनशुल्क, त्याच्या खाली संपादनाचं पॅकेज, तीन रंगांत. मी खरं सांगते, हेलावून गेले. नवरा म्हणाला देऊन टाकू, एवढं लिहिलंस. तेवढ्यात शेजारचे भाऊजी आले पेढे घेऊन, त्यांच्या मुलीचं जमलं होतं, ते विम्याचे एजंट. त्यांनी मेल बघितला, कंदी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “वहिनी, तुमची पॉलिसी मी काढली का नाही? मला वेगळी फी दिली का तुम्ही कधी? पॉलिसी झाली तर मला कंपनीकडनं कमिशन, नाही झाली तर माझं पेट्रोल गेलं. आधी पैसे मागतो तो एजंट कसला ओ?” आणि तसंच आहे. पुस्तक विकलं गेलं की प्रकाशक पैसे एजंटकडे देतो, तो त्याचे १५ कापून ८५ लेखकाला पाठवतो, त्यामुळे विकायची घाई त्यालाही असते. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेचाही नियम आहे, वाचायचे पैसे घ्यायचे नाहीत. एवढं सगळं मी इंग्रजीत वाचलेलं होतं बरं का, पण पेढ्याबरोबर पटलं.

दरम्यान मराठी बाड घरात होतंच. जानेवारी २०२६ला ९९वं साहित्य संमेलन सातारला भरलं, १९९३नंतर पहिल्यांदाच, तेव्हा स्टॉलवरच विचारून घेऊ म्हटलं. शाहू स्टेडियमवर धूळ आणि गर्दी, एका स्टॉलवरचे गृहस्थ डाव्या हाताने सुट्टे पैसे मोजत होते आणि उजव्या हाताने पुस्तकाला पिशवी घालत होते. मी म्हटलं वाड्यावरची कादंबरी आहे. “पानं किती?” सांगितली. “खर्च कोण करणार?” मी करारनाम्याचं विचारलं तर हसले, करार कशाला मॅडम, आपली घरचीच माणसं. आता वारसनोंदीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला हे सांगू नये. १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम १९, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे सगळं बघायला तिकडे एजंट असतो, इकडे आपणच. मी त्यांना कलम ऐकवलं. त्यांनी सुट्टे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

तर सध्या पत्रांची दुसरी खेप गेलीय, पत्र मात्र आता सुरेख झालंय, सासूबाईंच्याच वाक्यांचं इंग्रजी आहे. ही बातमी चार भिंतीपर्यंत कशी गेली मला माहीत नाही. परवा हेडमास्तर सर घरी आले, पिशवीतून आत्मचरित्र काढलं, फुलस्केपची सहाशे पानं, दोन्ही बाजूंनी, आणि म्हणाले, तू म्हणे एका पानात आणतेस, एवढं आण आणि कुठं पाठवायचं ते पाठव. मी म्हटलं, सर, आणते, पण पंधरा टक्के.

सर थोडा वेळ चष्मा पुसत बसले. “वॉट दहा घ्यायचा,” म्हणाले.