‘तेजोमेघांचे फोटो रंगवलेले असतात’ म्हणे!

रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी रोझेट तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या एका ढगाचा, फोटो टाकला. पाच मिनिटांत त्याच्याच खाली आत्याचा फॉरवर्ड: ‘अवकाशातले रंगीत ढग, एक मोठी फसवणूक’. वर तिची ओळ, "हे तुझंच लिवल्यात बघ." जांबोटीकडच्या एका माळावर अमावस्येची अर्धी रात्र दवात काढून मिळवलेला फोटो होता तो. त्यामुळे हे चिडूनच लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हौशी लोक शंभर-शंभर फोटो एकमेकांवर चिकटवतात, म्हणजे चित्र बनावट. दुर्बिणीतून पाहिलं तर रंग दिसत नाहीत, म्हणजे रंग खोटे. आणि लाखोंची यंत्रं असल्याशिवाय हे जमतच नाही.

आधी त्या ‘चिकटवण्या’चं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. मी एकेक मिनिटाचे १२० फोटो काढले. त्यातला कुठलाही एक उघडला तर काळ्या पडद्यावर तारे आणि भरपूर खरखर (कॅमेऱ्याचे दाणेदार ठिपके) दिसते, तेजोमेघ जेमतेम. पण त्याचा प्रकाश प्रत्येक फोटोत ताऱ्यांच्या मानाने त्याच जागी असतो, खरखर मात्र दर वेळी वेगळी. विसर्जनाच्या ढोलताशात कुणी तुमचं नाव एकदा पुकारलं तर ऐकू येणार नाही. पुकारणारा शंभरदा पुकारू दे आणि सगळं एकावर एक धरून ऐका, नाव उरतं, गोंगाट विरतो. १२० फोटोंच्या सरासरीत खरखर साधारण अकरा पटींनी घटते. पण जे एकाही फोटोत नव्हतं, ते सरासरीत कुठून येणार? याला चिकटवणं म्हणत असाल तर दुकानदाराची दिवसभराच्या गल्ल्याची बेरीजही बनावटच. शिवाय आम्ही लेन्सला झाकण लावूनही फोटो काढतो, कॅमेऱ्याची स्वतःची खरखर मोजून वजा करायला. हे मेसेजवाल्याला कळलेलं दिसत नाही, नाहीतर त्याचाही एक मुद्दा झाला असता.

आणि ही सगळी कॉम्प्युटरचीच करामत वाटत असेल, तर हे सांगा. हेन्री ड्रेपर या अमेरिकी खगोल-छायाचित्रकाराने ३० सप्टेंबर १८८० ला मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, ५१ मिनिटं प्रकाश गोळा करून. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन या इंग्रज हौशी खगोलप्रेमीच्या काचेच्या प्लेटवर त्याच तेजोमेघात असे तारे उमटले, जे दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते. तेव्हा फोटोशॉप कुणाच्या घरी होतं? प्लेट असो की सेन्सर, तो तासभर प्रकाश साठवत राहतो. डोळ्याला ते जमत नाही, एवढंच.

रंगांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दुर्बिणीतून बहुतेक तेजोमेघ राखाडीच दिसतात, कारण अंधुक प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. हबल या अवकाश दुर्बिणीच्या १९९५ च्या, वायू-धुळीच्या खांबांच्या त्या गाजलेल्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे रंग ठरवून दिलेले आहेत. हौशी मंडळीही रंग भडक करतात. मी स्वतः पहिल्या वर्षी अख्खा मृग कुंकवात बुडवल्यासारखा करून टाकला होता. पण हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश खराच आहे. उलट साध्या कॅमेऱ्यातली फिल्टरची काच त्यातला बराचसा अडवते, म्हणून माझा रोझेट असायला हवा त्याहून फिकाच आलाय.

लाखांचा मुद्दा तर सोडूनच द्या. रोझेट आकाशात पूर्ण चंद्राच्या दुपटीहून रुंद आहे. अडचण तो लहान असण्याची नाही, फिकट असण्याची आहे. त्याला मोठी दुर्बीण लागत नाही. माझा कॅमेरा एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतलेला, लेन्स २०० मिलिमीटरची, आणि आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं एक छोटं यंत्र. पैशापेक्षा जास्त छळतो तो ध्रुव तारा. यंत्राचा अक्ष त्याच्याकडे रोखावा लागतो, आणि आपल्या बेळगावातून तो क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर. खानापूरच्या बाजूला गेलात तर हमखास झाडीमागे. परवा निम्मा वेळ त्याला शोधण्यातच गेला.