डिश काढली आणि वर मलाच हसतात

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

नाताळच्या सुट्टीत भाचा आलाय पुण्याहून. गुणी पोर. येताना भिंत झाकेल एवढा स्मार्ट टीव्ही घेऊन आला. मी फोंड्याच्या बाजारातून परत येते तर गच्चीवरची फ्री डिशची (दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या उपग्रह सेवेची) छत्री अंगणात आडवी, सेट टॉप बॉक्स भंगाराच्या पिशवीत. मी विचारायच्या आत हाच विचारतो, "आत्ये, दूरदर्शन आतां कोण पळयता गे?" सगळं घर हसलं. "हांव पळयतां" म्हटलं तर आणखी हसलं.

हो, बघते. डीडी गोवा बघते, सह्याद्री बघते. कोणाला लाज वाटत असेल तर त्याने आपल्या घरी वाटून घ्यावी.

ह्या पोराला ठाऊक नाही (ठाऊक आहे, पण ऐकून ऐकून कंटाळलाय) की त्याचा बाप दूरदर्शनवर येऊन गेलेला माणूस आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या वाड्यावरचं, म्हणजे वस्तीतलं, आरतीचं पथक पणजीला अल्तिन्होवर दूरदर्शनच्या केंद्रात गेलं होतं, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करायला. घुमट (मातीच्या मडक्याचं चामडी वाद्य) वाजवणारे तिघे, शामेळ नावाच्या ढोलावर थोरले काका, कासाळी म्हणजे झांजा वाजवायला माझा भाऊ. टेंपो केला होता. स्टुडिओत सांगितलं, आरती एवढ्या मिनिटांत बसवा. काका म्हणाले, देवाची आरती घड्याळ बघून म्हणायची असते का? मग थोडं त्यांचं, थोडं काकांचं असं करून जमलं. थंडगार एसीत घुमटाचं कातडं सैल पडेल ही एकच चिंता सगळ्यांना. तेव्हा घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. पुढे २०१९ साली घुमट गोव्याचं वारसा वाद्य झालं ते बकरीच्या कातड्यावर, आणि ते बरंच झालं. पण तो वेगळा विषय.

कार्यक्रम लागला चवथीतल्या एका संध्याकाळी. वाड्यावर टीव्ही आमच्याकडे, काळा-पांढरा, छोटा. सोपा (ओसरी) भरला, बायका दारात, पोरं खिडकीच्या गजांवर. आणि लाईट गेली. पाऊस धो धो. काकांचं तोंड बघवेना. तेवढ्यात शेजारचा टॅक्सीवाला (ख्रिस्ती, आम्ही सगळे त्याला पात्रांव म्हणायचो) उठला, भर पावसात टॅक्सीचं बॉनेट उघडलं, बॅटरी काढली आणि उचलून सोप्यावर आणून ठेवली. त्या छोट्या टीव्हींना मागे बॅटरी जोडायची सोय असायची. त्याचं रात्रीचं भाडं ठरलेलं होतं. बायको आठवण करून द्यायला लागली तर म्हणाला, "आरती जांव दी, भाडें मागीर पळोवया." (आरती होऊ दे, भाडं नंतर बघू.) काका दिसले. शामेळ ऐकू आलं. खरे काका पडद्यातल्या काकांना हात जोडून बसले होते.

आता सांगा मला, हे कुठल्या ॲपवर घडणार आहे?

चवथीला खासगी वाहिन्यांवर काय असतं ते तुम्हीही बघता, मीही बघते, लपवायचं कशाला. फिल्मसिटीतला गणपती, दागिन्यांनी वाकलेल्या नायिका, दोन मालिकांचा दोन तासांचा महासंगम आणि प्रसादात कोणीतरी काहीतरी कालवतंय. आमची माटोळी, गणपतीवर टांगलेली रानफळांची चौकट, कुठे आहे त्यात? आंबाडे, तोरिंगण, कांगलां, सुपारीचं शिपटं? पाच जणांनी रानात हिंडून आणलेली फळं कोणी कॅमेऱ्यासमोर धरतं का? आणि डिसेंबर आला की विचारूच नका. गोवा म्हणजे बागा, गोवा म्हणजे कळंगुट, ३१ तारखेला माइक घेऊन किंचाळणारी मुलगी आणि मागे दारू पिऊन हात हलवणारे. अरे, ३ डिसेंबरला ओल्ड गोव्याला सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त असतं, गावोगाव जात्रा सुरू झालेल्या असतात, जात्रेत रात्र रात्र मराठी संगीत नाटकं होतात, मास्तर आणि पोस्टमन आणि किराणावाला तोंडाला रंग लावून उभे राहतात, ६ जानेवारीला रेईश मागूशला तीन राजांचं फेस्त. हा आमचा सणांचा मोसम. याला कॅमेरा कोण लावणार? बाजाराला यातून पैसा सुटत नाही. जिथे पैसा सुटत नाही तिथे सार्वजनिक टीव्ही लागतो, एवढं साधं गणित आहे.

आता येतील काहीजण. दूरदर्शनच्या बातम्या म्हणजे सरकारचा भोंगा. आहे, मान्य. निवेदन कधी कधी सपक असतं, सेट बघून जीव आंबतो. तेही मान्य. पुढे?

पुढे मी विचारते, आपण त्यांना काय दिलं? बाबांकडे रेडिओच्या लायसनचं पुस्तक होतं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे, तिकीट लावून आणायचे. आणि मग आकाशवाणीला पत्र लिहायचे, अमुक दिवशी नाट्यगीतं मध्येच तोडलीत, मी लायसनधारक आहे. काय तोरा! रेडिओ-टीव्हीचं ते लायसन ऐंशीच्या दशकात रद्द झालं. सगळे खूश. मला विचाराल तर तिथेच आपला तोरा गेला. फुकट बघणाऱ्याचं कोण ऐकतो?

दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ मध्ये. स्वायत्त म्हणायचं, आणि पैसा बराचसा केंद्र सरकारच्या अनुदानातून. ज्याचा पैसा त्याचा भोंगा, मग रडता कशाला? फ्री डिश २००४ पासून आहे, महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झालं. त्यावरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावात जातात. बोली लावेल तो दिसेल. आपण बोली लावतो का? आपण गच्चीवरून छत्री काढतो.

आणि डीडी गोवा त्या फ्री डिशवर आलं २०१९ मध्ये. तोपर्यंत कित्येक छोट्या राज्यांची दूरदर्शन केंद्रं उपग्रहावर नव्हतीच. म्हणजे आता कुठे नाशिकला दिलेल्या आमच्या मुली माहेरच्या आरत्या घरच्या टीव्हीवर बघू शकतात, आणि आता आम्हाला ते नकोसं झालं.

बाहेरच्यांचं बघा. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या आसपास लायसन भरतात. कुरकुरतात, पण भरतात. अमेरिकेत तर सार्वजनिक टीव्हीची गावोगावची स्टेशनं वर्षाअखेरीला चांगले कार्यक्रम लावतात आणि मध्ये थांबून सरळ हात पसरतात, आवडलं असेल तर द्या. लोक फोन करून देतात, बदल्यात कापडी पिशवी नाहीतर चहाचा मग मिळतो. माझी मावसबहीण बॉस्टनला आहे, तिच्या घरी त्या पिशवीतून भाजी येते. २०२५ च्या जुलैत तिथल्या संसदेने या स्टेशनांसाठी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले, आणि ते पैसे वाटणाऱ्या संस्थेने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळायला घेतला. तरी स्टेशनं लोकांच्या पैशावर उभी राहायला धडपडताहेत. मावसबहीण म्हणते, या वर्षी दुप्पट दिले.

आमच्याकडे? महिन्याला केबलचे पैसे, वर तीन ॲपांचे पैसे, त्यातल्या दोन ॲपांचा पासवर्ड कोणाला आठवत नाही. त्याला ना नाही. दूरदर्शनला शंभर रुपये म्हटलं की लगेच, "आम्ही कर भरतो ना!" भरता बाबा. २०२३ मध्ये केंद्राने आकाशवाणी-दूरदर्शनच्या सुधारणेसाठी अडीच हजार कोटींची योजना मंजूर केली, ती करातूनच. पण करातल्या रुपयावर तुमचं नाव नसतं, म्हणून तुम्ही पत्रही लिहीत नाही. बाबा लिहायचे.

पात्रांवने बॅटरी दिली तेव्हा कर भरतो म्हणून नाही दिली. आरती त्याच्या देवाची नव्हती, पण टीव्हीत दिसणारा काका त्याचा होता. आणि त्याच वर्षी नाताळात त्याची आई आमच्या सोप्यावर येऊन बसली, पाय चालत नव्हते म्हणून इगर्जीत (चर्चमध्ये) जाता येत नव्हतं. टीव्हीवर कोंकणी कांतारां (गाणी) लागली होती. माझी आई, जिने उभ्या जन्मात इगर्जीची पायरी चढली नाही, ती तिच्या शेजारी बसून ठेका धरत होती. लाईट होती त्या दिवशी, तरी पात्रांव बॅटरी घेऊन आला होता. असूं दी म्हणे.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. पोरगा वाईट नाही. मघाशी येऊन सांगून गेला की प्रसार भारतीचं वेव्ज नावाचं ॲप आहे, स्मार्ट टीव्हीवर चालतं. हो रे बाळा, मला माहितेय, २०२४ च्या नोव्हेंबरात इथेच, आपल्या गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात त्याचं उद्घाटन झालं. चांगलं आहे. पण गावातल्या माझ्या मैत्रिणीकडे वायफाय नाही आणि मोबाइलची रेंज यायला तिला माडाच्या कुळागरापर्यंत चालावं लागतं. तिने काय करायचं? तू काढलेली छत्री तिला नेऊन दे म्हटलं, तर गप्प बसला.

तर मी पणजी केंद्राला पत्र लिहायला घेतलंय. बाबांसारखं, कागदावर. चवथीत रोज एका तालुक्याच्या आरत्या, मिनिटं न मोजता. माटोळीवर एक सबंध कार्यक्रम, फळांची नावं सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना घेऊन. जात्रेतलं एक तरी मराठी नाटक अखंड, पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत. नाताळात शहरातल्या मोठ्या इगर्जीऐवजी एखाद्या खेड्यातलं कपेल (छोटं प्रार्थनाघर). आणि खाली लिहिणार आहे की यासाठी प्रेक्षकांकडून वर्गणी घ्यायची सोय करा, मी वर्षाला हजार रुपये भरायला तयार आहे, मात्र ते पणजीतच खर्च व्हायला हवेत, दिल्लीला जाऊन हरवायला नकोत. पेन्शनवालीला हजार जड नाहीत, केबलला त्याहून जास्त जातात.

पत्राखाली आणखी नावं हवीत. या पोस्टला नुसते अंगठे देऊ नका, त्यांनी काही होत नाही. वर्षाला शंभर तरी द्याल का, एवढंच लिहा. आणि देणार नसाल तर का नाही, तेही तोंडावर सांगा.