फोर बाय फोर बिघडते ती पार्किंगमध्ये

दसरा जवळ आला की मला ठरलेला मेसेज येतो. "दादा, थार घेऊ की जिम्नी? का सरळ गुरखा?" विचारणारा बहुतेक वेळा हिंजवडीत नोकरीला असतो. घर वाकडला नाहीतर बावधनला. रोजचं जाणं-येणं दहा-पंधरा किलोमीटर, तेही फर्स्ट-सेकंडमध्ये. माझं उत्तर कुणाला आवडत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी लिंक पाठवली की झालं.

मी बरीच वर्षं अशीच फोर बाय फोर, म्हणजे गरजेला चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी, वापरतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लगेच दोन तट पडतात. माझं मत असं की या गाड्या चिखलाने फारशा बिघडत नाहीत. लॅडर फ्रेम म्हणजे खालचा शिडीसारखा सांगाडा, मागचा जाड अ‍ॅक्सल, हे सगळं आदळआपट सोसण्यासाठीच केलेलं असतं. त्यांना मारतं ते शहर.

डीपीएफचंच बघा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर आला. अडवलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी आत साधारण ६०० अंश तापमान हवं, आणि ते मिळतं मोकळ्या रस्त्यावर एका लयीत गाडी पळाली तर. भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये कुठून मिळणार? गाडी बिचारी प्रयत्न करते, जास्तीचं डिझेल सोडते, तेवढ्यात तुम्ही ऑफिसला पोचून चावी काढता. अर्धवट राहिलेल्या या प्रकारात थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि मालक खूश, 'आपली गाडी ऑइल खात नाही!' अरे बाबा, ते ऑइल पातळ झालंय, आणि टर्बोचं (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग त्याच ऑइलवर चालतं. आठवड्यातून एकदा एक्स्प्रेस-वेवर लोणावळ्यापर्यंत जाऊन या. ते जमणार नसेल तर पेट्रोल घ्या. अ‍ॅव्हरेजचं रडगाणं परवडलं, फिल्टरचं बिल नाही.

दुसरी गोष्ट फोर बाय फोरच्या लिव्हरची. थार, जिम्नी, गुरखा, तिन्हींमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा पीळ ट्रान्स्फर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), जॉइंट आणि टायरांवर येतो. तरीही पावसाचे चार थेंब पडले की 'ग्रिप मिळते' म्हणून फोर-हायमध्ये (चारही चाकं जोडून, नेहमीच्या वेगात) घाट चढणारे आहेत. याच्या उलट, वर्षभर लिव्हरला हातच न लावणारेही आहेत. मग ऐन गरजेच्या वेळी तो हलत नाही, नाहीतर पुढचा अ‍ॅक्सल जोडलाच जात नाही. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडं अंतर फोर बाय फोर लावून चालवा. फुकटचं काम आहे.

आता पाणी. इथे मात्र मालक स्वतःच्या हाताने गाडी मारतो.

थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते. तो आकडा संथ पाण्याचा. पुलावरून लोंढा वाहत असेल तर त्याच्या निम्म्या पाण्यातही गाडी कडेला ढकलली जाते, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी ते सिद्ध करून दाखवतं. पाणी इनटेकमधून, म्हणजे इंजिनच्या हवा घेण्याच्या वाटेतून, सिलिंडरमध्ये गेलं की खेळ संपला. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारायचा नाही. उतरा, ढकला, ओढून घ्या. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. हजार-दोन हजार वाचवायला ते काढून टाकणारे आणि त्याच पैशात बोनेटवर स्टिकर लावणारे मी पाहिलेत.

पाण्यातून सुखरूप बाहेर आलात तरी काम संपत नाही. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून किंवा बुडालेल्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या नळीतून, पाणी आत ओढलं जातं. अ‍ॅक्सलमधल्या डिफरेन्शियलचं ऑइल दुधाळ होतं. गाडी तेव्हा चालते. दोन-चार महिन्यांनी मागून घुरघुर सुरू होते आणि मालक म्हणतो, कंपनीने माल खराब वापरला. समुद्राचं पाणी तर बोलायलाच नको. किनाऱ्यावर गाडी घालायची नसते, गोव्यात तर बंदीच आहे, तरी भाड्याच्या थार वाळूत रुतल्याचे व्हिडिओ येतच राहतात. मिठाचा गंज फ्रेमच्या आतल्या बाजूने धरतो, रंगावर काहीच दिसत नाही.

गाड्यांत दोष नसतातच असं मी म्हणत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत महिंद्राने १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्ट तपासायला परत बोलावल्या होत्या. नव्या मॉडेलच्या पहिल्या खेपेत असं होतं, म्हणून लाँचच्या दिवशी बुकिंगसाठी धावू नये. किमतीचंही तसंच. जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी थंडर एडिशन १०.७४ लाखांपासून मिळायला लागली. आधी घेतलेल्यांच्या रिसेलचं काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

खर्चाचं बोलू. एक्स-शोरूम १५ लाखांची डिझेल फोर बाय फोर, इंजिन १५०० सीसीच्या वर. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी ४० टक्के, म्हणजे मूळ गाडी १०.७१ लाखांची. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १४ टक्के, ते २.१० लाख. दोन्ही मिळून ६ लाखांच्या वर कर! थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच तीन वर्षांचा भरायचा, १५०० सीसीच्या वर २४,५९६ रुपये, त्यावर कर वेगळा. वर्षाला १२ हजार किलोमीटर, शहरात अकराचं अ‍ॅव्हरेज आणि डिझेल नव्वद रुपये धरलं तर ९८ हजारांचं डिझेल. चार टायरांचे पन्नास-साठ हजार कुठे गेले नाहीत, आणि शहरात ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्याचे, जाड नक्षीचे) टायर घालून फिरलात तर वर घुंऽऽ असा आवाज फुकट. मागच्या दारावरची स्टेपनी विसरू नका, तीसुद्धा टायर रोटेशनमध्ये (चाकांच्या अदलाबदलीत) घ्या, नाहीतर ती दारावरच म्हातारी होते.

अ‍ॅक्सेसरीजवर एकच सांगतो. बुलबारवर (पुढच्या बंपरवरच्या लोखंडी दांड्यांवर) डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), मोठे टायर हे प्रकार विमा कंपनीला न कळवता केलेत तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आधी तेच बघतो. दीड-दोन लाख खर्चून क्लेम अडकवून घ्यायची हौस मला तरी नाही.

मग घ्यायची कुणी? वेल्ह्याच्या वर ज्याचं घर आहे त्याने. रत्नागिरीत डोंगरावर आंब्याची बाग असलेल्याने. पावसाळ्यात पाड्यावर जावं लागणाऱ्या डॉक्टरने. यांच्याकडची गाडी रोज राबते आणि गंमत म्हणजे तिचं गॅरेजचं बिल बावधनच्या गाडीपेक्षा कमी येतं. बाकीच्यांना हौस असेल तर जरूर करा, पण हप्त्यावर नवी घेण्याऐवजी तीन-चार वर्षं वापरलेली शोधा. रंग आणि टचस्क्रीन बघत बसू नका. जॅकवर चढवा, फ्रेमच्या भोकांत टॉर्च मारा, फोर-लो (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) लागतंय का बघा, थंड इंजिनवर डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि वास घ्या. आणि विकणारा म्हणाला, "साहेब, गाडी कधी पाण्यात उतरवलीच नाही," तर मागच्या डिफरेन्शियलचा बोल्ट उघडून ऑइलचा रंग दाखवायला सांगा. कां-कू करायला लागला तर चहा पिऊन निघा.