खारपाणपट्ट्यातलं कॉन्स्टँटिनोपल

मी तुर्कांकडून हरलो ही बातमी दूध डेअरीवर माझ्याआधी पोचली होती. "काय बापू, राज्य गेलं म्हणते?" डेअरीवाल्यानं फॅट लावता लावता विचारलं. रांगेतले चारजण हसले. कोणतं राज्य, कोणासमोर गेलं, हे एकानंही विचारलं नाही.

'यूरोपा युनिव्हर्सालिस 4' हा राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम सुरू होतो 11 नोव्हेंबर 1444 ला, म्हणजे वार्नाची लढाई तुर्कांनी जिंकली त्याच्या दुसऱ्या दिवशी. वाट्टेल तो देश घ्या. तुर्क घेतले तर पैसा, फौज, जागा सगळं आयतं. बायझँटियम, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं उरलंसुरलं राज्य, घेतलं तर राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल), ग्रीसमधला मोरियाचा तुकडा आणि चहूकडून तुर्क. खरं कॉन्स्टँटिनोपल 1453 त पडलं, त्यामुळे सुरुवातीपासूनच घड्याळ छातीवर. मी अर्थातच बायझँटियम घेतलं.

तेवढ्यात काकाजी आले. रिटायर तलाठी. जगातला कोणताही नकाशा त्यांना सातबाऱ्यासकट दिसतो.

"आपलं वऱ्हाड कोनाच्या नावावर हाये?"

"बहमनीच्या."

"बिदरले? अन् अचलपूर?"

"इमादशाही 1490 ची, काकाजी. अजून 46 वर्षं हायेत."

"म्हंजे फेरफार पेंडिंग हाये." त्यांनी खर्रा घोटला. "अन् हा हिरवा कोन?"

"तुर्क."

"इकून बी तोच, तिकून बी तोच. अन् मधातला जांभया तुकडा?"

"तो माहा."

काकाजींनी चष्मा सारखा केला. खाडी पाहिली, सरहद्द पाहिली, माझी तिजोरीही पाहिली. मग मान हलवली. "हे खारपानातलं वावर होय लेका. विहीर खोदली तरी पानी खारं. तुर्काचं ओलिताचं हाये, त्यानं झोपून रायलं तरी पिकते."

एवढं नेमकं निदान मी कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं. मी खूश होऊन त्यांना डावही सांगितला: तुर्काची फौज आशियात गेली की आपली जहाजं सामुद्रधुनीत उभी करायची, तिला परत येऊच द्यायचं नाही. जहाजं उभी होती. फौज पलीकडे अडकली होती. गेम थांबवून मी चहा सांगायला आत गेलो.

थांबवलेला गेम स्पेसबारनं सुरू होतो. काकाजींनी खर्र्याची पुडी नेमकी तिथं ठेवली.

बाहेर आलो तर महिने पळत होते. जहाजं बुडालेली, तुर्क अलीकडे आलेले, वरून धूमकेतू दिसल्याची सूचना. तिच्यात कोणतंही बटण दाबा, राज्याचं स्थैर्य एकनं घटतंच.

"कायचं बटन हाये हे?" काकाजी.

"कोणतंही दाबा, सारखंच."

"मंग आपल्याच अर्जासारखं हाये." ते समाधानानं हसले. पुडी उचलली नाही.

आणि हाच माणूस संध्याकाळी पारावर सांगतो, "पोट्टं हरलं." वावर खारपाणातलं होतं हे निदान स्वतःचं, ते मात्र गाळलं! सातबाऱ्यावर जमिनीचा प्रकार लिहिण्यात जन्म गेला आणि माझ्या वेळी तोच रकाना कोरा.

गेममध्ये निदान कोणता देश कठीण हे खेळणाऱ्यांना ठाऊक असतं. बायझँटियम वाचवलं तर चारचौघांत मान मिळतो, तुर्क घेऊन जिंकलं तर कोणी विचारत नाही. इकडे उलटं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला कॅनॉलवाला येऊन एकरी उतारा ऐकवतो आणि वरून मेहनतीवर भाषण देतो. थ्री फेज लाइन रात्री येते, तेव्हा तो भाषणवाला झोपलेला असतो. माझ्या मावसभावानं स्पर्धा परीक्षा इथूनच दिली, एका बंद पडणाऱ्या इन्व्हर्टरवर. पेपर पुण्यातल्या अभ्यासिकेतल्या पोरांचाच. निकालात फक्त आकडा आला. इन्व्हर्टरचा उल्लेख नव्हता. असो, माझं डोकं तापतं.

काकाजींना आता नाद लागला आहे. दुपारी येतात, खुर्ची ओढतात आणि न विचारता तुर्क घेतात. "बायझँटियम घेऊन पाहा न" म्हटलं, तर म्हणाले, "मी कायले खारपानात जाऊ? मले ओलित भेटून रायलं न."

परवा त्यांनी व्हिएन्ना घेतलं. खऱ्या तुर्कांना 1529 त जमलं नाही, 1683 तही नाही. काकाजींना चहा थंड व्हायच्या आत जमलं. मग बशी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "याच्यात कठीन काय हाये बे?"