बळी तो ब्रँच पिळी

नव्या प्रोजेक्टवर रुजू झालात, रेपॉझिटरीचा (सगळा कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेल्या कोठाराचा) ॲक्सेस मिळाला, अभिनंदन. आता पहिल्याच आठवड्यात कोणीतरी उत्साही माणूस तुम्हाला सांगेल की कामाला बसण्याआधी पुल करत जा, म्हणजे इतरांचं नवं काम आपल्याकडे ओढून घे, ब्रँच (कोडची तुझी वेगळी फांदी) छोटी ठेव, ती रोज मुख्य फांदीशी मर्ज कर, म्हणजे मिसळ. मान डोलवा आणि सोडून द्या. असं वागणारी माणसं कधी कोणाच्या नजरेत भरत नाहीत. ती बिचारी सहाच्या कॅबने घरी जातात.

थोडा इतिहास माहीत असू द्या, इंटरव्ह्यूत कामाला येतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, काम २००५ पर्यंत बिटकीपर नावाच्या एका व्यावसायिक टूलवर चालायचं. ते फुकट वापरायची सवलत त्या वर्षी संपली, म्हणून लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये स्वतःच एक टूल लिहायला घेतलं आणि काही दिवसांत ते चालवूनही दाखवलं. ते गिट, कोडमधला प्रत्येक बदल कोणी कधी केला याची नोंद ठेवणारं. (मर्क्युरियल हे तसलंच टूलही त्याच महिन्यात, त्याच कारणाने जन्माला आलं, पण त्याची आठवण काढणारे आता थोडेच.) कल्पना अशी की जगभर विखुरलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी एका कोडवर काम करावं आणि प्रत्येकाकडे अख्ख्या इतिहासाची पूर्ण प्रत असावी. आपण सहा जण एकाच टेबलाला बसतो, चहाला एकत्र उतरतो, आणि तरीही कोण कशावर काम करतंय हे एकमेकांना मर्जच्या दिवशीच कळतं. टोरवाल्ड्सना हे सुचलं नसतं.

तर ब्रँच काढली की दोन-तीन स्प्रिंट (कामाचे ठरावीक आठवड्यांचे टप्पे) मेनचं, म्हणजे त्या मुख्य फांदीचं, तोंड पाहू नका. रोज मर्ज केलं तर रोज दोन ओळींचा कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांनी वेगळे बदल केल्याची टक्कर) येतो, पाच मिनिटांत सुटतो, आणि तुम्ही काही केलंत याचा कोणाला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा रिलीजच्या आदल्या संध्याकाळी चाळीस फाइलींचा कॉन्फ्लिक्ट एकदम आणा. मॅनेजर तुमच्या खुर्चीमागे उभा राहील, पिझ्झा येईल, आणि दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये तुमच्या नावाशेजारी ‘रात्रभर थांबून’ असे शब्द असतील. अप्रेझलला हेच शब्द लागतात.

आता तो कॉन्फ्लिक्ट सोडवायचा कसा, ते नीट पाहा. फाइल उघडलीत की गिटने खुणा करून ठेवलेल्या दिसतील. वर सात डावे कोनकंस, खाली तुमची ओळ: टाइमआउट ३०. मग बरोबरची सात चिन्हं, खाली दुसऱ्याची ओळ: टाइमआउट ६०. शेवटी सात उजवे कोनकंस. म्हणजे पेमेंटला तुम्ही ३० सेकंद दिलेत आणि त्याच जागी कोणीतरी ६० केलेत. इथे भोळा माणूस उठतो, दोन खुर्च्या पलीकडे जातो आणि विचारतो, “अरे, साठ का केलंस?” उत्तर येतं की महिनाअखेरीला बँकेकडून निरोप यायलाच कधी कधी पाऊण मिनिट लागतं. झालं, एका ओळीसाठी उठावं लागलं, वर दुसऱ्याचं बरोबर आहे हेही मान्य करावं लागलं. तुम्ही खुर्ची सोडू नका. एडिटरमध्ये ‘ॲक्सेप्ट करंट’ असं बटण आहे, ते दाबा. करंट म्हणजे आपलं. निदान मर्ज करताना. रीबेस करताना, म्हणजे आपलं काम उचलून दुसऱ्या ब्रँचवर पुन्हा रचताना, मात्र हे उलटं होतं: ज्याच्यावर तुम्ही आपलं काम रचताय त्याचं ते करंट, आणि तुमचं ते इनकमिंग. एवढी बारीक खोच लक्षात ठेवायला कोणाला वेळ आहे? स्वतःचंच आठवड्याचं काम उडालं तर “गिटने खाल्लं” म्हणा. या वाक्यावर उलटतपासणी झालेली कोणी पाहिलेली नाही.

ज्यांना कोणाचंच मन मोडवत नाही त्यांच्यासाठी ‘ॲक्सेप्ट बोथ’ आहे. टाइमआउट फाइलीत दोनदा येतो. प्रोग्राम त्यातला कुठला मानेल ते पेमेंट करणाऱ्याचं नशीब. आणि अगदीच घाई असेल तर त्या कोनकंसांसकटच कमिट करून टाका, म्हणजे इतिहासात नोंदवून टाका. बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करायची पायरी) फुटला की कोणीतरी सोडवतंच.

कमिटचा मेसेज लिहायला जागा दिलेली असते, म्हणून काही लिहिलंच पाहिजे असं नाही. ‘फिक्स’, मग ‘फिक्स २’, मग ‘फायनल’, मग ‘आता चालेल’. हौस असेल तर आठवड्याचं सगळं काम शुक्रवारी एका कमिटमध्ये कोंबा आणि वर लिहा ‘चेंजेस’. याचा एक मोठा फायदा कोणी सांगत नाही. गिटमध्ये बायसेक्ट म्हणून एक चोंबडी कमांड आहे. बग कुठून शिरला हे शोधताना ती दर वेळी इतिहासाचा अर्धा भाग बाद करत जाते; हजार कमिट असले तरी दहाएक चाचण्यांत नेमक्या कमिटवर बोट ठेवते. ठेवू दे की. तो कमिट चार हजार ओळींचा असला, तर बोट ठेवूनही हाती काय लागणार?

ब्लेम या कमांडची भीती मात्र रास्त आहे. प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला हे ती नावानिशी सांगते. यावर जुना उपाय म्हणजे नव्या इंटर्नला बोलावून सगळ्या प्रोजेक्टवर फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप बदलणारं टूल) फिरवायला लावणं. टॅबच्या जागी स्पेस आले की दहा वर्षांची पापं त्या पोराच्या नावावर. दुर्दैवाने २०१९ पासून ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतात. तुमच्या टीममध्ये ही बातमी अजून पोचलेली नसेल, तर ती पोचवणारे तुम्ही होऊ नका.

यापुढचा भाग जरा मोठ्या माणसांचा. पुश, म्हणजे आपलं काम सर्व्हरवर ढकलण्याचा प्रयत्न, नाकारला गेला की गिट सांगतं, तुमच्याकडे नसलेलं काम सर्व्हरवर आहे, आधी ते घ्या. हा अपमान समजावा. फोर्स पुश करावं, म्हणजे सर्व्हरवरचं बाजूला सारून आपलं बसवावं. सामायिक ब्रँचचा इतिहास असा बदलणं म्हणजे तलाठ्याला हाताशी धरून जुना फेरफार फिरवण्यासारखंच आहे. सकाळी भाऊ सातबारा काढतो, तर त्यात त्याचं नावच नाही. फरक इतकाच की इथे प्रत्येक भावाच्या घरी जुन्या उताऱ्याची खरी प्रत असते. त्यामुळे तासाभरात त्यांच्यापैकी एक जण जुना इतिहास परत ढकलतो, मग तुम्ही पुन्हा तुमचा, आणि दुपारपर्यंत एकाच कामाचे तीन-तीन कमिट मेनवर नांदू लागतात.

फोर्स विथ लीज असा एक सोवळा प्रकारही आहे. तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर कोणी काही ढकललं असेल, तर तो अडून बसतो. अडून बसणाऱ्यांना आपल्याकडे काय किंमत असते, तुम्ही जाणता. मेन ब्रँचवर फोर्स पुशची बंदी घालता येते, हेही ॲडमिनच्या कानावर जाऊ देऊ नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेनकिन्स (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारं टूल) प्रकल्पात एका चुकीच्या फोर्स पुशने दीडशेहून जास्त रेपॉझिटरींचे हेड, म्हणजे ब्रँचची टोकं, एका दमात मागे गेले होते. खेदाची बाब म्हणजे ते सगळं परत आणता आलं. गिट सहसा काही फेकून देत नाही. रीफ्लॉग नावाच्या वहीत जुन्या टोकांचा माग एरवी ९० दिवस, आणि ब्रँचपासून तुटलेल्यांचा ३० दिवस राहतो. म्हणून “सगळं गेलं रे” असा गलका झाला की लगेच नवीन क्लोन, म्हणजे सर्व्हरवरून रेपॉझिटरीची ताजी प्रत, घ्यायला सांगा. नव्या क्लोनमध्ये ती वही कोरी असते.

पासवर्डचं थोडक्यात. क्लाउडची किल्ली चुकून कमिट झालीच, तर ती बदलायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या कमिटमध्ये ओळ पुसा आणि मेसेज लिहा ‘पासवर्ड काढला’. एरवी तुमचे मेसेज वाचून कोणाला काही कळत नाही, हा मात्र नेमका असू द्या. इतिहास चाळणाऱ्याला कुठला कमिट उघडायचा ते शोधत बसावं लागत नाही. रेपॉझिटरी सार्वजनिक असेल, तर चाळणारा बहुधा माणूस नसतो आणि त्याला चहापाण्यालाही वेळ लागत नाही.

राहता राहिला नोटीस पीरियड. तुमची ती महत्त्वाची ब्रँच, जिच्यावर पुढचा रिलीज उभा आहे, ती कधीच पुश केलेली नसणार. करूही नका, केटीच्या (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम दुसऱ्याला समजावून सोपवण्याच्या) शेवटच्या दिवसापर्यंत “थोडं क्लीनअप बाकी आहे” म्हणत राहा. लॅपटॉप जमा करताना आयटीवाला फॉर्म पुढे सरकवून विचारेल, “सर, फॉरमॅट मारू ना? बॅकअप वगैरे काही?” सही करता करता सांगा, “मार बिनधास्त. सगळं गिटमध्ये आहे.”