सामुराईंची घरची पत्रं

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय: "सामुराई रडत नसे, बायकोमुलांत गुंतत नसे, मैत्री करत नसे. बायकोला किंमत नव्हती. त्याला फक्त धनी ठाऊक. हजार वर्षं जपान या बुशिदोवर चालला." सोबत मावळत्या सूर्यापुढे तलवार उपसलेला माणूस. वाचून अंगावर काटा येतो खरा. पण त्या जपानी लढवय्यांची पत्रं आज शिल्लक आहेत, आणि त्यांत भलताच संसार दिसतो.

हजार वर्षांचं आधी उरकू. शब्द जुना असेल, पण बुशिदो, म्हणजे सामुराईचा आचारधर्म, जगभर पोचला तो इनाझो नितोबे यांच्या १९०० सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे. कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी आली १८७६ मध्ये. म्हणजे पुस्तक आलं ते कमरेच्या तलवारी उतरल्यावर चोवीस वर्षांनी!

"घरात गुंतत नसे." एकोणिसाव्या शतकातल्या सामुराई साकामोतो र्‍योमाने मोठी बहीण ओतोमेला लिहिलेली पत्रं वाचा. १८६३ च्या एका पत्रात तो म्हणतो, नशीब फुटकं असेल तर माणूस न्हाणीतून बाहेर पडताना वृषण चेमटूनही मरतो. आपलं तसं नाही, आपल्याला आरमारी अधिकारी कात्सुंसारखा गुरू भेटलाय. हे बहिणीला लिहिलंय! त्याच वर्षीच्या दुसऱ्या पत्रात तो कागदावरच खाकरून ऐट मिरवतो. १८६६ मध्ये बायको ओर्‍योला घेऊन किरिशिमाच्या डोंगरावर गेला, तर ओतोमेसाठी चढणीचं चित्र काढून धाडलं. शिखरावर देवाने रोवलेला म्हणतात तो भाला होता, त्यावर तेंगू नावाच्या डोंगरी भुतांचे लांब नाकांचे चेहरे. नवराबायकोने दोन्हीकडून नाकं धरून तो उपटला. निघाला जेमतेम चार-पाच फुटांचा. दोघं खूप हसली.

"बायकोला किंमत नव्हती." सोळाव्या शतकात जपानचा मोठा भाग जिंकणाऱ्या ओदा नोबुनागाने आपल्या सरदाराच्या, म्हणजे हिदेयोशीच्या, बायकोला, नेनेला, लिहिलं: तू पूर्वीपेक्षा दुपटीने देखणी झालीस, तुझ्याबद्दल कुरकुर करणाऱ्या त्या टकल्या उंदराला तुझ्यासारखी दुसरी मिळायची नाही. तूही मत्सर करू नकोस, आणि हे पत्र त्याला दाखव. खाली शिक्का कसला, तर राज्यकारभाराच्या कागदांवरचा. अर्थात मत्सर करू नको हा उपदेश नेनेलाच, तेव्हा नोबुनागाला फार पुढारलेला समजायचं कारण नाही.

"फक्त धनी ठाऊक." र्‍योमा १८६२ मध्ये धन्याची परवानगी न घेता तोसा हे आपलं संस्थान सोडून गेला. १८६६ मध्ये सात्सुमा आणि चोशू या दोन संस्थानांची गुप्त युती झाली, तेव्हा चोशूच्या किदो या पुढाऱ्याने ठरलेल्या सहा बाबी पत्रात लिहून र्‍योमाकडेच धाडल्या, खात्रीसाठी. त्याने पत्राच्या मागे लाल शाईत हे खरं असल्याचं लिहून दिलं. ना पद, ना जहागीर. तरी शब्द त्याचाच चालला.

राहिलं रडणं. नोबुनागानंतर जपानचा सत्ताधीश झालेला हिदेयोशी काही मायाळू म्हातारा नव्हता. १५९५ मध्ये पुतण्याला त्याने पोट फाडून मरायला लावलं, पुतण्याच्या बायकापोरांना क्योतोच्या नदीकाठी मारवलं. तोच १५९८ मध्ये अंथरुणावरून पाच बड्या सरदारांना लिहितो: हिदेयोरीला सांभाळा, पुन्हापुन्हा विनवतो, सांभाळा. हिदेयोरी म्हणजे त्याचा पोरगा, पाच वर्षांचा. त्या पाचांत तोकुगावा इएयासू होता. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला त्यानेच घेतला, आणि हिदेयोरी तिथेच मेला.